मोकळ्या हवेंतील दीप्ति

इ. स. १६७५ च्या सुमारास पॅरिस येथील ज्योतिषी झां पिकार हे रात्रीं आपला वायुभारमापक एका ठिकाणाहून दुसरीकडे नेत होते. नळींतील पारा हेलकावे खाऊं लागतांच त्याच्या वरच्या पोकळींत फिकट उजेड चमकल्याचें त्यांस दिसलें. हा उजेड विजेचा आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. पुढें लंडन येथील फ्रान्सिस हॉक्स्बी यांनीं हवा काढून घेतलेला कांचेचा गोल फिरवून त्यावर हात टेकला, तेव्हां तसाच उजेड आंत पसरला. त्यांत मोठीं अक्षरें वाचतां येत. तेव्हांपासून विद्वानांची अशी समजूत दृढ होत गेली कीं, विजेची ही शांत, थंड दीप्ति विरळ हवेंतच नांदते. भरल्या हवेंत ठिणगी उडावी, नाहीं तर कमानीसारखी प्रखर ज्वाळा पेटावी. वादळांत गलबतांच्या डोलकाठ्यांवर दिसणारी निळसर प्रभा हा अपवाद खरा, परंतु ती टोकापुरतीच असते. ही समजूत कितपत टिकली, तें आम्हीं येथें वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

समजूत बळावण्यास कारणहि तसेंच होतें. १८५७ च्या सुमारास बॉन येथील गाइसलर यांनीं वायु विरळ केलेल्या सुंदर नळ्या घडविल्या, आणि पुढील चाळीस वर्षांत अशाच नळ्यांतून क्ष-किरण व इलेक्ट्रॉन हे दोन्ही शोध बाहेर पडले. इतकें देणारी पोकळी सोडून भरल्या हवेकडे कोण वळणार?

या दीप्तीचें अंतरंग असें आहे. एक इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूवर आदळून दुसरा मोकळा करतो, त्या दोहोंचे चार होतात, अशी भर पडत जाते. मागें उरलेले धनभारित कण ऋणाग्रावर आदळून तेथून नवे इलेक्ट्रॉन काढतात. हा सारा व्यवहार ऋणाग्रालगतच्या अरुंद पट्ट्यांत चालतो, व हवेंत सुमारें ३०० व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात. आतां दाब दसपट केला तर हा पट्टा एकदशांश जाडीचा होतो आणि तेवढ्याच क्षेत्रांतून जाणारा प्रवाह शंभरपट होतो. म्हणजे तेवढ्याच जागेंत उत्पन्न होणारी उष्णता हजारपट! मग ऋणाग्र तापतें, तापल्या धातूंतून इलेक्ट्रॉन आपोआप बाहेर पडूं लागतात, आणि पाहतां पाहतां शांत दीप्तीची कमान होते.

या हिशेबांतच उपायहि दडलेला होता. दीप्तीचा खरा शत्रु दाब नसून उष्णता होय. १९३३ सालीं फोन एंगेल, झेलिगर व श्टेनबेक या जर्मनींत काम करणाऱ्या तीन संशोधकांनीं विरळ वायूंत दीप्ति पेटविली, आणि ऋणाग्र थंड राखीत दाब हळूहळू वाढविला. दीप्ति वातावरणाच्या दाबापर्यंत टिकली. तें साल जर्मनीस कसें उगवलें, हें वाचकांस सांगावयास नको. पुढें एंगेल ऑक्सफर्डला गेले. श्टेनबेक १९४५ नंतर रशियांत युरेनियमच्या कामास लागले. झेलिगर ग्राइफ्सवाल्डला राहिले.

दुसरी वाट याहून जुनी आहे. १८५७ सालीं वेर्नर सीमेन्स यांनीं ओझोन तयार करण्यासाठीं ध्रुवांमध्यें कांच आणली. कांचेमुळें प्रवाहास सतत वाट मिळत नाहीं, म्हणून कमान पेटत नाहीं. १९०६ सालीं फ्रान्सांतील नीस शहरानें पिण्याचें पाणी शुद्ध करण्यास ओझोन योजला, तो अशाच विद्येच्या बळावर. परंतु अशा यंत्रांतील हवेचा उजेड सलग दिसला, तरी तो असंख्य सूक्ष्म तंतूंचा असतो, आणि प्रत्येक तंतु सेकंदाच्या कोट्यंशाहूनहि कमी काळांत विझतो. तोक्यो येथील ओकाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८८ सालीं वातावरणाच्या दाबास हीलियमांत एकसारखी दीप्ति मिळविली. हवा मात्र हट्टी. तिच्यांतील प्राणवायु मोकळे इलेक्ट्रॉन गिळून टाकतो. तरी १९९३ सालीं त्याच संशोधकांनीं बारीक तारेची जाळी योजून हवेंतहि दीप्ति स्थिर केल्याचें प्रसिद्ध केलें, आणि त्यासाठीं वापरलेली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, म्हणजे आपल्या घरांत येते तशीच होती.

आम्हांस यांतून एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. दोन शतकें जी निसर्गाची मर्यादा मानली गेली, ती पुष्कळशी उपकरणांची मर्यादा होती. निसर्गानें दीप्तीला भरल्या हवेंत मज्जाव केला नव्हता. तेथील उष्णता वाहून नेण्याची तजवीज आपण केली नव्हती, इतकेंच. "असें होत नाहीं" आणि "असें आम्हांस अद्याप करतां आलें नाहीं" हीं दोन वाक्यें ग्रंथांत पुष्कळदां एकाच अक्षरांत लिहिलेलीं असतात. तीं वेगळीं वाचण्याची संवय मुलांस लहानपणींच लागली, तर आपल्या शाळांतील शास्त्रशिक्षण सार्थकीं लागलें असें म्हणतां येईल.