पाच मिनिटांत कॉफी!

मिरीच्या वासाने वास्को द गामा १४९८ साली कालिकतला येऊन थडकला, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. पण एक कप कॉफीसाठी परग्रहावरून पृथ्वीवर स्वारी झाली, हे एकाही पाठ्यपुस्तकात नाही. ती नोंद आहे एका रेकॉर्डमध्ये. कॅनडाच्या डेविन टाउनसेंड या गृहस्थाने २००७ साली ‘झिल्टॉइड द ऑम्निशिअंट’, म्हणजे ‘सर्वज्ञ झिल्टॉइड’ नावाचा अल्बम काढला, त्यात.

आधी थोडी पूर्वपीठिका. सुटी गाणी पुरे झाली, आता अख्ख्या रेकॉर्डभर एकच कथा लावायची, अशी हुक्की रॉकवाल्यांना साठच्या दशकात आली. ‘द हू’ने १९६९ मध्ये ‘टॉमी’ काढले. १९७६ मध्ये टोरांटोच्या ‘रश’ने ‘२११२’ काढली. तिची एक पूर्ण बाजू भविष्यातल्या पुजाऱ्यांच्या राज्यात घडते. एका तरुणाला जुनी गिटार सापडते आणि पुजारी ती मोडून टाकतात. आदली रेकॉर्ड पडलेली, कंपनीचा ‘जरा खपेल असे करा’ म्हणून तगादा, तरी या पठ्ठ्यांनी वीस मिनिटांचे आख्यान लावलेच. आणि नेमके तेच चालले!

पुढे या आख्यानाला मेटलची फोडणी बसली आणि प्रोग्रेसिव्ह मेटल तयार झाले. यात सात मात्रा चालू असताना मध्येच पाच येतात. आमच्या खतावणीत असे झाले तर रात्री दहापर्यंत बँकेचे शटर खाली येणार नाही. आणि हे सगळे सुतकी चेहऱ्याने. विश्व, काळ, मृत्यू यांच्याखाली बोलणे नाही! (फ्रँक झप्पाने १९७९ च्या ‘जोज गराज’मध्ये संगीतावर बंदी घालणाऱ्या सरकारची यथेच्छ टिंगल केली होती. पण तो माणूस कुठल्याच खात्यात जमा करता येत नाही.)

टाउनसेंड १९९३ मध्ये स्टीव्ह वायच्या रेकॉर्डवर गायला. मग त्याने ‘स्ट्रॅपिंग यंग लॅड’ हा बँड काढला. त्या बँडचे भांडवल एकच, संताप. रोज ठरल्या वेळी संतापायचे, तेही गावोगाव फिरून, म्हणजे काय चेष्टा आहे? २००७ मध्ये त्याने तो बँड गुंडाळला, दौरे थांबवले आणि एकट्याने झिल्टॉइड केला. गिटार त्याची, गळा त्याचा, ध्वनिमुद्रणही त्याचेच. ड्रमर नव्हताच. स्वीडनच्या ‘मेशुगा’ बँडच्या ड्रमरने वाजवून ठेवलेले ठोके संगणकातून जुळवले. त्या सामग्रीचे नाव ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’, थोडक्यात नरकातला ड्रमसेट.

कथा अशी. झिल्टॉइडिया नऊ या ग्रहावरचा हा सर्वज्ञ पृथ्वीवर उतरतो आणि हुकूम सोडतो : विश्वातली सर्वोत्तम कॉफी हजर करा, मुदत पाच मिनिटे. कॉफी येते, तो घोट घेतो, त्याचे तोंड वाकडे होते आणि फौजेला हल्ल्याचा आदेश! कॅप्टन स्पेक्टॅक्युलर उरलेल्या माणसांना घेऊन पळतो. झिल्टॉइड ग्रह फोडणाऱ्या महाकाय प्राण्याला उठवतो, शेवटी निर्मात्यापाशी जातो. तिथे कळते की आपण सगळे कळसूत्री बाहुल्या. (झिल्टॉइड तर खरोखरच हातात घालायची बाहुली आहे.)

आणि शेवटी? कॉफीच्या दुकानात काम करणाऱ्या एका पोराची तंद्री मोडते. गिऱ्हाईक खोळंबले आहे. स्वाऱ्या, फौजा, निर्माता, सगळे त्याच्याच डोक्यात चालले होते!

इथे मी रेकॉर्ड थांबवली. समीक्षकांनी याला खुशाल विनोदी विज्ञानकथा म्हणावे; मला ती काउंटरच्या आतल्या बाजूची बखर वाटते. ‘पाच मिनिटांत द्या’ हे वाक्य बाहेरून ऐकणारा माणूस आत कुठल्या ग्रहाची राखरांगोळी करीत असतो, हे टोकन घेऊन बसलेल्यांना काय माहीत? टाउनसेंडने इतकी वर्षे स्टेजवर जो राग ओरडून काढला, तोच इथे कॉफीच्या कपात ओतला आहे, आणि माझ्या मते तो जास्त दूर गेला.

अक्षरशः दूर. २०१४ मध्ये ‘झेड स्क्वेअर्ड’ ही दुहेरी पुरवणी निघाली. तिच्यातल्या समूहगानासाठी चाहत्यांनी आपापले आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवले. १३ एप्रिल २०१५ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांच्या नावाच्या वास्तूत, या बाहुलीचा प्रयोग झाला आणि भरल्या सभागृहाने तिचा जयजयकार केला.