उपवासकाळ आणि पुराणश्रवण

बारामती व इंदापूर या कसब्यांतील लोकांस धर्माचरणाच्या वार्षिक आवर्तनाचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली ज्या पालखीची प्रथा घातली, ती देहूहून पंढरपुरास जाताना याच दोन गावी मुक्काम करते. आणि अठराव्या शतकात बाबूजी नाइकांच्या आश्रयाने बारामतीस पुराणिकाची वृत्ती चालविणाऱ्या मोरोपंतांनी उतारवयात ‘केकावली’ रचून आपल्या पातकांची कबुली देत देवाची करुणा भाकली, तीही याच मातीत. वारी, पुराण आणि पश्चात्ताप या तिन्हींचा ज्यांना परिचय आहे, त्या वाचकांस कॅथलिक धर्मग्रामातील उपवासकाळाचा इतिहास परका वाटण्याचे कारण नाही.

राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून आरंभ होणारा हा चाळीस दिवसांचा काळ मुळात नवागतांसाठी होता. चौथ्या शतकात पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री ज्यांना बाप्तिस्मा द्यावयाचा, त्यांची तयारी या दिवसांत करून घेत, आणि जुने श्रद्धावंतही त्यांच्यासमवेत उपवास व प्रार्थना करीत. पुढे प्रौढांचे बाप्तिस्मे विरळ झाले आणि पश्चात्तापाचा भाग प्रबळ झाला. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक श्रद्धावंतास वर्षातून एकदा तरी पापनिवेदन व पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास ख्रिस्तप्रसादाचे ग्रहण बंधनकारक केले, आणि अशा रीतीने जी आंतरिक तळमळ होती, तिला कायद्याचे रूप आले.

परंतु कायद्याने देह वळतो, मन वळावयास श्रवण लागते, हे ज्याने मराठी मुलखात प्रथम ओळखले तो १५७९ साली गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स. जुनी पुराणे मना झाल्यावर आम्ही वाचावे तरी काय, असा प्रश्न गोव्यातील साष्टी भागातील एका ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाने विचारला, असे स्टीफन्सने आपल्या ग्रंथारंभीच नमूद केले आहे. त्या प्रश्नामागे धर्मांतरितांची पोथी हिरावून घेणाऱ्या पोर्तुगीज सत्तेचा जुलूम होता, हे विसरता येत नाही; तथापि त्याला मिळालेले उत्तर मात्र मराठीच होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले व साष्टीच्या देवळांत रविवारी व सणांच्या दिवशी वाचले जाऊ लागले. त्याच्या दुसऱ्या पुराणातील ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा व क्रूसमरणाचा भाग तर उपवासकाळाचाच विषय होय.

१६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांची मुदत घालून देशी भाषा टाकण्याचा हुकूम काढला. ख्रिस्तपुराणाच्या छापील प्रती नामशेष झाल्या, पण गोवा सोडून कानड्यात वसलेल्या घराण्यांनी हस्तलिखिते जपली व पुराण गाइले. त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरास नवी आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने पुण्यातून देवनागरी प्रत निघाली. सरकारी दप्तराने जी भाषा निकालात काढली, ती श्रोत्यांच्या स्मरणातून फिरून छापखान्यात आली.

१८८६ साली स्थापन झालेल्या पुणे धर्मप्रांतात, ज्याच्या हद्दीत बारामती-इंदापूरचा मुलूखही येतो, मिस्सेची, म्हणजे मुख्य उपासनेची, भाषा त्या काळी लॅटिनच होती. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने देशी भाषांस उपासनेत स्थान दिले. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी सक्तीचे उपवास राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवसांपुरते ठेवले. पुनरुत्थानाच्या रात्री सबंध समुदायाने बाप्तिस्म्याच्या वचनांची पुनरुक्ती करावयाची रीत त्यापूर्वी, १९५१ सालीच, नव्याने घालून दिली होती. म्हणजे सक्ती ओसरली, आणि नूतनीकरणाचा भार शब्दावर व श्रोत्यांवर आला. ज्या धर्मग्रामात शुक्रवारची क्रूसाची वाट चालताना चौदाही स्थानांची प्रार्थना शेतकऱ्याला आपल्या भाषेत उमजते, तेथे स्टीफन्सने ओळखलेले तत्त्व साडेतीनशे वर्षांनी नियमाच्या पदवीस पोचले आहे. आणि जेथे ती उमजत नाही, तेथे राख लावूनही उपवास केवळ अन्नाचाच राहतो.