आधार सुटल्यावर : कोल्हापूरचा वायल्डर, साताऱ्याचे टिळक आणि लक्ष्मीबाई

नेहमीप्रमाणे पेठ वडगावातून, घरच्या माडीवरून बोलतोय. मागून पावसाचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही, तह पण नाही. आज विषय आहे भरवशाचा. तो सुचला कसा, ते आधी सांगतो.

इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर माझा एक पार्टनर होता, कोडोलीचा. वडगावहून कोडोली म्हणजे गाडीवरून अर्ध्या तासाचा रस्ता. तिथं ख्रिस्ती वस्ती मोठी आहे, चर्च आहे, मिशनचा दवाखाना आहे. हॉस्टेलवर त्याला कुणी ना कुणी विचारायचंच, "तुम्ही कधी बाटलात?" हा हसून म्हणायचा, "मी जन्मलो तेव्हा झालेलं होतं सगळं." परवा तो भेटला आणि म्हणाला, "एवढा इतिहास सांगतोस, आमचा कधी सांगणार? का आमचा इतिहास म्हणजे नुसतं बाटणं?"

खरं सांगतो, त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पण एक आठवलं. त्याच्या घरी एकदा जेवायला गेलो होतो. त्याची आजी शेजाऱ्याशी भांडून आलेल्या नातवाला म्हणत होती, "रविवारी देवाचं लेकरू म्हणवून घेतोस ना? मग जा, आधी त्याच्याशी बोलून ये, मग जेवायला बस." आणि तो खरंच गेला. आपण जेवण थांबवून त्याची वाट बघत बसलो.

तर आजचा प्रश्न आजीचाच आहे. येशूवर विश्वास ठेवला, देवाचं लेकरू झालो, असं माणूस म्हणतो. त्यानंतर काय? आपल्याकडच्या ज्या लोकांनी हे म्हटलं, त्यांनी पुढचे दिवस कसे काढले?

सुरुवात कोल्हापूरपासून करू.

1813 साली अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईत आले. 1831 पासून त्यांचं काम अहमदनगरला सुरू झालं. हेच अमेरिकन मराठी मिशन, नाव लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे. या मिशनमध्ये रॉयल गूल्ड वायल्डर नावाचा माणूस होता, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. तो 1846 मध्ये नगरला आला आणि 1852 च्या अखेरीस कोल्हापूरला. संस्थानाचं शहर, अंबाबाईचं क्षेत्र. तिथं त्यानं शाळा काढल्या, उपदेश सुरू केला. मंडळी वाढत होती, पण अगदी मुंगीच्या पावलानं.

इथं एक वाद उभा राहिला. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन 1854-55 मध्ये हिंदुस्थानात पाहणीला आले. त्यांचं म्हणणं असं, की मिशनचं काम शाळा चालवणं हे नव्हे. उपदेश करा, मंडळ्या उभ्या करा, त्या स्थानिक लोकांच्या हाती द्या आणि पुढं चला. इंग्रजी शाळा बंद करा. वायल्डरचं म्हणणं उलट होतं. शाळेशिवाय लोकांपर्यंत पोचताच येत नाही. दोघांच्या म्हणण्यात तथ्य होतं, असं मला वाटतं. पण वाद इतका चिघळला, की बोर्डानं वायल्डरशी संबंध तोडला.

आता बघा. पगार गेला, संस्था गेली, मागं उभं राहणारं कुणी नाही. दुसरा कुणी असता तर अमेरिकेत एखादं चर्च धरून राहिला असता. हा 1861 मध्ये परत कोल्हापूरला आला. कुठल्याही बोर्डाशिवाय. ओळखीपाळखीचे लोक मदत पाठवतील तेवढ्यावर त्यानं जवळजवळ दहा वर्षं काढली. 1870 मध्ये अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन बोर्डानं हे काम आपल्याकडं घेतलं. कोडोलीची मंडळी, दवाखाना, आणि मिरजेला डॉक्टर वॉन्लेस यांनी 1894 मध्ये उघडलेलं हॉस्पिटल, हे सगळं याच प्रेस्बिटेरियन मिशनचं. आपल्या भागातली कितीतरी माणसं मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात जन्मली असतील, पण त्याची मुळी या दहा बिनपगारी वर्षांपर्यंत जाते हे ठाऊक नसतं. वायल्डरचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. 1886 मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन इथं 100 विद्यार्थ्यांनी मिशनकार्याला जायची तयारी दाखवली, त्यामागं या पोराचा मोठा हात होता.

पण मंडळी, वायल्डर काही झालं तरी परदेशी. त्यानं संस्था गमावली. आपली माणसं, जात, पाण्याची घागर, हे त्याला गमवावं लागलं नाही. ते गमवावं लागलं इथल्या माणसांना.

यात कायद्याचा एक मुद्दा आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. 1850 चा 21 वा कायदा. धर्म बदलला किंवा जातीतून बाहेर पडला म्हणून कुणाचा वारसाहक्क जाणार नाही, असं त्यात ठरलं. म्हणजे कागदावर वडिलांची जमीन वाचली. पण पंगतीत बसायचा हक्क कुठला कायदा देणार? आईनं वाढलेलं ताट, बायकोचं बरोबर राहणं, लेकीचं लग्न, मयताला खांदा, हे कोर्टातून मिळत नाही. एका बापाचं लेकरू व्हायला गेलं की जन्माच्या बापाचं दार बंद व्हायचं.

यासाठी आता जरा वर, नगर-नाशिकच्या बाजूला जाऊ. कारण याचं सगळ्यात प्रांजळ वर्णन मराठीत ज्या बाईनं करून ठेवलंय, ती तिकडची. लक्ष्मीबाई टिळक.

आधी खुलासा. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. हे नारायण वामन टिळक, कवी, जन्म 1861, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म 1868. लहानपणीच लग्न झालं. शाळा नाही. घरात सोवळं इतकं कडक, की आज ऐकताना घाम फुटतो.

टिळक एकदा नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा झाल्या आणि उतरताना त्यांनी टिळकांना नवा करार दिला. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही म्हणाले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले.

थोडं थांबतो, कारण आजीच्या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. नव्या करारात देवाचं लेकरू होण्याबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात, अगदी पहिल्या अध्यायात, ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना देवाची लेकरं होण्याचा अधिकार दिला, अशा अर्थाचं वाक्य आहे. हा झाला हक्क. आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनात म्हटलंय, की वैऱ्यावरही प्रेम करा, म्हणजे तुम्ही आपल्या स्वर्गातल्या पित्याचे व्हाल, कारण तो चांगल्या-वाईट दोघांवर सूर्य उगवतो. हे झालं वळण. आपण नाही का म्हणत, पोरगं बापाच्या वळणावर गेलंय? हक्क एका दिवसात मिळतो. वळण अंगी यायला जन्म जातो.

10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, त्याच अमेरिकन मराठी मिशनमध्ये. लक्ष्मीबाईंना ही बातमी माहेरच्या माणसांत कळली. पदरात चार वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, पंढरपूरलाही राहिल्या. पुढं टिळकांकडं नगरला आल्या, पण सोवळं घेऊनच. एका घरात दोन चुली.

मग जे झालं ते कुणाच्या उपदेशानं झालं नाही. एका रात्री त्या एकट्या विचार करत बसल्या, की माणसं देवानं केली, पण ही जात कुणी केली? देवानं की माणसानं? देवानं केली असती तर माणसांच्या शरीरात काही फरक दिसला असता. सकाळी त्यांनी नवऱ्याला सांगून टाकलं, आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन. लक्षात घ्या, बाप्तिस्मा अजून झाला नव्हता. तो झाला 1900 मध्ये. म्हणजे या बाईच्या बाबतीत वळण आधी आलं, नाव नंतर.

पुढची गोष्ट मला जास्त भावते. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. रागीट, भोळे, कुणी मागितलं की देऊन मोकळे. घरात अनाथ पोरं वाढत होती. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा जिथं सख्खे नातेवाईक पळत होते, त्या प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी काम केलं. एके काळी दुसऱ्याची सावली टाळणारी बाई. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलंय, आणि स्वतःला संत ठरवून नव्हे. नवऱ्याशी झालेली भांडणं, स्वतःचे हट्ट, फजिती, सगळं आहे त्यात.

आणि आता साताऱ्याचं. आपण पुण्याला जाताना सातारा ओलांडतो. 1917 मध्ये टिळकांनी मिशन सोडलं आणि साताऱ्याला आले. बावीस वर्षांचा आधार सोडला. कारण? त्यांना खटकत होतं, की सगळ्यांना देवाची लेकरं म्हणायचं आणि प्रत्यक्षात परदेशी साहेब वर, देशी ख्रिस्ती खाली. एक जात सोडली आणि दुसरी उतरंड वाट्याला आली. त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही येशूचे शिष्य म्हणून जागा होती. तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडं आलो, असं ते सांगत.

9 मे 1919 ला मुंबईत ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचं दफन न करता दहन केलं. दरबार काही फार वाढला नाही. हिशेबाच्या वहीत बघाल तर वायल्डरचं कोल्हापूर आणि टिळकांचा दरबार, दोन्हीकडं आकडे लहानच. आमच्या क्षेत्रात प्रोजेक्ट असा आकड्यांवर बंद करतात. पण आजही मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' उघडलं, की टिळकांची गीतं पानोपानी. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' उतारवयात पुरं केलं. शाळेत न गेलेल्या बाईनं साठाहून अधिक अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तुमचा इतिहास म्हणजे नुसतं बाटणं नाही. तो एक दिवस फार तर रजिस्टरमधली एक ओळ. इतिहास आहे तो त्यानंतरच्या दिवसांचा. बोर्ड गेल्यावर परत येणाऱ्याचा. एका घरातल्या दोन चुलींची एक करणाऱ्या बाईचा. आपल्याच मंडळीत उतरंड दिसल्यावर पगार सोडून उठणाऱ्याचा. भरवसा हा शब्द आपण सोपा करून ठेवलाय, की देव बघून घेईल. या तिघांना देवानं सुखात ठेवलं असं काही दिसत नाही. हातचं गेलं तरी वागणं सोडायचं नाही, एवढाच अर्थ त्यांच्या आयुष्यातून निघतो.

आणि ज्यांनी "कधी बाटलात?" विचारलं, त्यांत मी पण होतो. पहिल्या वर्षाला, सगळ्यांसमोर. मित्रानं आज ते काढलं नाही, मीच सांगतो. आजीच्या नियमानं आधी त्याच्याशी बोलून आलो, मगच हा भाग रेकॉर्ड केला. ती आता नाही. असती तर तिलाच माइकपुढं बसवली असती.

तुमच्या गावात जुनं चर्च असेल, मिशनची शाळा असेल, तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांशी एकदा बोला आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.