यमाईच्या वाटेवरचं संग्रहालय

मलकापूर-कऱ्हाडकडच्या आपण बायका औंधला यमाईच्या दर्शनाला जातो. ओटी भरतो, डोंगर उतरतो आणि घरी परततो. त्याच डोंगरावर, चढाच्या वाटेवर श्री भवानी वस्तुसंग्रहालय आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. राजे स्वतः चित्रकार होते. रामायणातले प्रसंग त्यांनी आपल्या हातानं रंगवले. जमवलेली चित्रं, शिल्पं त्यांनी मुंबई-पुण्याला न पाठवता इथं गावातच ठेवली.

तिथं राजा रविवर्मांची सैरंध्री आहे. सैरंध्री म्हणजे विराटाच्या घरी दासी होऊन राबलेली द्रौपदी. इंग्लंडचे शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. राबणारी बाई आणि लेकराची आई ओळखायला आपल्याला का कुणी शिकवावं लागतं? तरी ‘ते शिकल्यासवरल्यांचं’ म्हणून आपण बाहेरूनच पुढं जातो.

गावात ठेवलेली चित्रं गावाकडच्या बायकांनीच पाहिली नाहीत, तर ती ठेवली कुणासाठी? गटाच्या पुढच्या बैठकीत दिवस ठरवू. लेकीसुनांना घेऊ, तासभर लवकर निघू. दर्शनही होईल, चित्रंही पाहून होतील.