साल्टर बदक
सागरी लाटांतील ऊर्जेचे विजेत रूपांतर करण्यासाठी योजिलेले एक तरंगते साधन. एडिंबरो विद्यापीठातील अभियंते स्टीव्हन साल्टर (१९३८–२०२४) यांनी ते शोधून काढले. १९७३ मध्ये खनिज तेलाचे भाव भडकल्यावर ब्रिटनमध्ये पर्यायी ऊर्जेचा शोध सुरू झाला, त्यातून हे साधन पुढे आले. त्याविषयीचा साल्टर यांचा निबंध १९७४ मध्ये नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लाटांवर ते बदकासारखे डोलते, म्हणून त्यास हे नाव मिळाले.

खोल समुद्रातील लाटेत पाण्याचे कण वर्तुळाकार मार्गांनी फिरतात व खोलीनुसार ही वर्तुळे लहान होत जातात. लाटेला आडवा असलेला सममित तरंगक केवळ वरखाली होऊ लागला, की तो स्वतःही पुढे व मागे सारख्याच लाटा निर्माण करतो; त्यामुळे त्याला येणाऱ्या ऊर्जेपैकी फार तर निम्मी ऊर्जा घेता येते. साल्टर यांनी ही मर्यादा आकार बदलून ओलांडली. बदकाची लाटेकडील बाजू चोचीसारखी निमुळती असून तिची हालचाल पाण्याच्या कणांच्या गतीशी जुळते. मागील बाजू परिभ्रमण-अक्षाभोवती दंडगोलाकार असल्याने बदक डोलले, तरी तिकडे लाट उठत नाही. अरुंद टाकीतील चाचण्यांत लहान प्रतिकृतीने अनुकूल लाटांतील सु. ९० टक्के ऊर्जा शोषून घेतली.

प्रत्यक्ष समुद्रातील लाटा मात्र अनियमित असतात व अनेक दिशांनी येतात. तशा लाटा निर्माण करणारी रुंद टाकी एडिंबरो येथे १९७७ मध्ये बांधण्यात आली. डोलण्यास आधार मिळावा म्हणून अनेक बदके एका लांब कण्यावर बसविण्याची योजना होती. वादळात कणा मोडू नये यासाठी त्याचे सांधे लवचिक ठेवावे लागत. तसेच बदकाच्या मंद पण प्रचंड बलाच्या हालचालीवर जनित्र फिरविण्यासाठी द्रवीय पंप आवश्यक होते. ही गुंतागुंत खर्चिक ठरली.

ब्रिटिश कार्यक्रमात २,००० मेगॅवॉट क्षमतेचे केंद्र गृहीत धरून विजेच्या दराचे अंदाज काढले जात. १९८२ मध्ये शासनाने या कार्यक्रमाचे साहाय्य मोठ्या प्रमाणात कमी केले. खर्चाच्या अंदाजांविषयीचा वाद त्यानंतरही अनेक वर्षे चालला. पूर्ण आकाराचे बदक समुद्रात कधीच उतरले नाही.

लाटांसाठी इंधनखर्च नसतो. म्हणून किती ऊर्जा शोषली यापेक्षा प्रत्येक एकक वीज किती खर्चात मिळाली, हीच अभिकल्पाची खरी कसोटी होय, हे या इतिहासावरून स्पष्ट झाले. बदकासाठी झालेल्या संशोधनातून पुढे संगणक-नियंत्रित द्रवीय पंप विकसित झाले. बहुदिश लाटांच्या चाचणीची परंपरा २०१४ मध्ये एडिंबरो येथे सुरू झालेल्या २५ मी. व्यासाच्या वर्तुळाकार टाकीत पुढे चालू राहिली.