आठ लाख आणि ‘कुटुंब’

शाळेच्या पुस्तकात पेशवाई पुण्यात संपते. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढतो, खाली स्वाध्याय. मी बाभुळगावचा, म्हणून मला तिचा पुढचा भाग जवळचा वाटतो, कारण तो आमच्या यवतमाळ जिल्ह्यातून जातो.

नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणं गेलं. फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडले. दुसरा बाजीराव मात्र पळत राहिला. नागपूरकर भोसल्यांच्या आशेने तो वर्धा नदीकडे आला आणि १७ एप्रिल १८१८ ला पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अ‍ॅडम्सने त्याची फौज उधळली. उरलेली माणसं घेऊन तो असीरगडाच्या बाजूला निघाला. तिथे त्याची गाठ जॉन माल्कमशी पडली.

हा माल्कम म्हणजे स्कॉटलंडच्या एका शेतकऱ्याच्या सतरा लेकरांपैकी एक. वय चौदाच्या आत-बाहेर असताना, १७८३ मध्ये, कंपनीच्या फौजेत मद्रासला उतरला. श्रीरंगपट्टणला लढला, फारसी शिकला, तीनदा इराणला वकील म्हणून गेला, त्या देशाचा इतिहास लिहिला. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांची फौज मोडली ती यानेच. तलवार आणि लेखणी दोन्ही चालवणारा, शिवाय बोलघेवडा. गप्पांत माणूस गुंडाळायची कला त्याला पक्की होती.

बाजीरावाच्या बाबतीत त्याने लढाईऐवजी सौदा केला. ३ जून १८१८ ला पेशवा शरण आला. गादी सोडायची, दख्खनमध्ये परतायचं नाही, बदल्यात वर्षाला किमान आठ लाख रुपये. आजच्या भाषेत पॅकेज. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम फार वाटली. माल्कमचं म्हणणं साधं होतं: असीरगडाभोवती आणखी एक मोहीम काढण्यापेक्षा हे स्वस्त. मला त्याचं पटतं. शिवणीसारख्या गावांवरून आणखी एकदा फौजा गेल्या असत्या, तर उभं पीक कोणाचं तुडवलं गेलं असतं?

पण त्याच अटींत पेन्शन ‘स्वतःच्या आणि कुटुंबाच्या’ निर्वाहासाठी असल्याचं लिहिलं होतं. कुटुंब म्हणजे कोण आणि कधीपर्यंत, हे कोणी नीट बांधलं नाही.

माल्कमला मुंबईची गव्हर्नरी हवी होती. १८१९ मध्ये ती त्याच्याहून धाकट्या एल्फिन्स्टनला मिळाली आणि ते त्याच्या मनाला लागलं. शेवटी १८२७ मध्ये तो गव्हर्नर झाला, तीन वर्षं राहिला. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची; स्ट्रॉबेरी क्रीमचे फोटो टाकताना कोणाला हे आठवत नाही, आणि त्यात काही बिघडतही नाही. १८३३ मध्ये तो लंडनमध्ये वारला.

बाजीराव कानपूरजवळ बिठूरला राहिला आणि १८५१ पर्यंत जगला. तेहतीस वर्षं आठ लाख, म्हणजे अडीच कोटींच्या वर. कंपनीने पैसे दिले, कुरकुरत का होईना. मग दत्तक मुलगा नानासाहेब म्हणाला, मी कुटुंबच आहे. डलहौसी म्हणाला, पेन्शन व्यक्तीला होती. नानासाहेबाने अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. तिथेही नकारच मिळाला.

जून १८५७ मध्ये कानपूरच्या इंग्रज छावणीला वेढा पडला तेव्हा वेढा घालणाऱ्यांचा पुढारी नानासाहेब होता.