नदीतलं टरबूज सांदवाडीत

मागच्या वेळी आपण परसबागेतल्या पालेभाज्यांवर बोललो. त्यानंतर बऱ्याच गटांतून एकच विचारणा आली, घरामागं टरबूज होतं का हो? होतं, आणि चांगलं होतं. लहान फळाचं वाण घेतलं तर दोन-तीन वेलांतही घरापुरतं होतं. पण लावायचं कसं ते सांगण्याआधी आज थोडं मागं जाऊ. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या टरबुजाची जुनी गोष्ट शेतातली नाही, नदीतली आहे. त्या गोष्टीत बायांचे हात फार आहेत आणि कागदावर बायांची नावं फार कमी आहेत.

पुण्या-मुंबईकडं ज्याला कलिंगड म्हणतात त्याला आपण टरबूज म्हणतो. हा शब्द फारशीतून आलेला. फळ त्याहून लांबून आलं, आफ्रिकेतून. इजिप्तमध्ये तुतनखामेन नावाच्या राजाच्या थडग्यात टरबुजाच्या बिया सापडल्या, त्याला तीन हजारांवर वर्षं झाली. वाळूत, उन्हात, कमी पावसात वाढलेला हा वेल. म्हणून तो आपल्याकडं आला तेव्हा त्याला काळ्या मातीपेक्षा नदीची वाळू मानवली यात नवल नाही. कन्हान, पेंच, वैनगंगा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांनी हे ओळखलं आणि वाळूत वाड्या केल्या. डांगरवाडी म्हणतात ती हीच. कुठं डांगर म्हणजे फक्त खरबूज, पण वाडीत टरबूजही असायचं, काकडीही आणि दोडकेही.

या वाड्या मुख्यतः ढिवर, भोई, कहार या नदीवर जगणाऱ्या समाजांच्या. त्यांना जमीन नव्हती. पावसाळ्यात मासे, पावसाळ्यानंतर मासे आणि वाडी. इंग्रज अधिकारी रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठे ग्रंथ लिहिले, ते 1916 साली छापले गेले. त्यात ढीमरांबद्दल लिहिताना ते नदीकाठच्या वाळूत टरबूज-काकड्या लावतात अशी नोंद आहे. त्याच दमात, खऱ्या शेतीत मात्र ते विशेष नाहीत, असाही शेरा आहे. आम्हाला हा शेरा काही पटत नाही. वाडी करायला काय काय यावं लागतं ते ऐका, मग तुम्हीच ठरवा.

दिवाळीनंतर नदीचं पाणी ओसरायला लागलं की आधी जागा बघायची. फार उंच वाळू घेतली तर ओल खोल जाते, फार खाली घेतली तर अवकाळी पाण्यात वाडी बुडते. जागा ठरली की वाळू उपसत ओल लागेपर्यंत खड्डे किंवा चर खणायचे. त्यात घरचं कुजलेलं शेणखत आणि काठावरची माती आणून टाकायची. हे खत डोक्यावरून, टोपल्यानं, वाळू तुडवत. कोरड्या वाळूतून ओझं घेऊन चालणं काय असतं ते जिनं केलं तिलाच ठाऊक. मग रात्रभर भिजवलेलं बी, एका खड्ड्यात तीन-चार दाणे. वरच्या अंगानं गवताचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड, म्हणजे थंड वारा आणि उडती वाळू कोवळ्या रोपाला लागत नाही. वेल पसरायला लागला की खाली तणस किंवा पालापाचोळा अंथरायचा, नाहीतर चैत्रातली वाळू फळाला भाजून काढते. मुळं ओलीपर्यंत पोचत नाहीत तोवर रोज पाणी. वाळूतच झिरा खणायचा, गुंडानं पाणी काढायचं आणि एकेका खड्ड्यात घालायचं. शे-दीडशे खड्डे असले तर हिशेब करा, दिवसाच्या किती खेपा होतात.

आणि हे सगळं जमतं ते फक्त सहा-सात महिन्यांसाठी. जूनमध्ये नदी येते आणि वाडी घेऊन जाते. पुढच्या दिवाळीला वाळू नवी, जागा नवी, मोजमाप नवं. दरवर्षी कोऱ्या जमिनीवर पीक उभं करणाऱ्याला शेती येत नाही म्हणायचं, तर मग कुणाला येते?

फळ फाल्गुनापासून निघायचं. काठावरून बाजारापर्यंत ते डोक्यावर किंवा बंडीतून जायचं. बी मात्र विकत नसायचं. पहिल्या बहारातलं, निरोगी वेलावरचं, गोड निघालेलं फळ बियासाठी धरायचं. बी धुवायचं, सावलीत सुकवायचं, राखेत घालून मडक्यात ठेवायचं. नदी दरवर्षी वाडी नेत होती, पण बी घरात होतं, म्हणून वाडी पुन्हा उभी राहत होती. आजच्या बोलण्यात आम्हाला हीच गोष्ट तुमच्यापुढं ठेवायची आहे.

मग या वाड्यांचं झालं काय? काही ठिकाणी त्या अजून आहेत. उन्हाळ्यात वैनगंगेच्या पुलावरून जाताना वाळूत हिरवे पट्टे दिसतात तेच. पण कमी झाल्या, आणि त्याची कारणं नदीतच आहेत. पेंचवर तोतलाडोहला आणि नवेगाव खैरीला धरणं झाली. नागपूर शहर आज त्या पेंचचं पाणी पितं, शेतीलाही ते मिळतं, त्यामुळं धरण वाईट असं एका शब्दात म्हणता येत नाही. पण नदी पूर्वीसारखी आपल्या वेळेनं आटत नाही आणि आपल्या वेळेनं येत नाही. ऐन मोसमात वरून पाणी सुटलं तर वाळूतले खड्डे बुडतात. त्यात भर वाळू उपशाची. घरं बांधायला, रस्ते करायला कन्हानची वाळू ट्रकांनी गेली. वाळूच नाही तर वाडी कशावर करणार?

वैनगंगेवर गोसीखुर्दचं धरण झालं. पवनी तालुक्यातल्या या धरणाचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं. तेव्हा खर्चाचा अंदाज 372 कोटींचा होता. तो पुढं किती पटींनी वाढला ते आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आहे. धरणाचं पाणी मागं भंडारा जिल्ह्यात आणि आपल्या कुही, भिवापूर तालुक्यांत पसरलं. गावं उठली, शेतं बुडाली. ज्याचा सात-बारा होता त्याच्या शेताची मोजणी झाली, रकमेवरून भांडणं झाली, मोर्चे निघाले. पण नदीच्या वाळूचा सात-बारा कुणाच्या नावावर? जी वाडी जूनमध्ये वाहून जाते आणि दिवाळीला पुन्हा होते, तिचं क्षेत्र कोणत्या रकान्यात लिहायचं? तिच्यावर घातलेल्या पाण्याच्या खेपा कोणत्या पंचनाम्यात धरायच्या? घरदार बुडाल्याचं दुःख सगळ्यांना दिसतं. वाळू बुडाली हे नुकसान आहे, एवढं समजावून सांगायलाही शब्द कमी पडतात.

वाडी गेली की बीही जातं. दोन वर्षं लावलं नाही तर मडक्यातलं बी चालतं, टरबुजाचं बी नीट ठेवलं तर चार-पाच वर्षंही उगवतं. पण दहा वर्षं कोण सांभाळणार? भिवापुरी मिरचीचं आपण पाहिलंच. नाव मोठं, भौगोलिक मानांकनही मिळालं, पण जास्त उतारा देणारी संकरित वाणं आली तशी ती मिरची लावणारी शेतं आटली. टरबुजाच्या जुन्या वाणांना तर असं नावसुद्धा नव्हतं. त्यांच्यासाठी कोण अर्ज करणार?

इकडं हे चाललं होतं, तेव्हा दुसरीकडून लहान टरबूज येत होतं. त्याची गोष्ट मजेची आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात 1950 नंतरच्या दशकात एक वाण निघालं, त्याचं नाव शुगर बेबी. तिथं तेव्हा घराघरात फ्रिज आले होते आणि मोठं टरबूज फ्रिजमध्ये मावत नव्हतं. म्हणून लहान, गोल, गडद हिरव्या सालीचं फळ, आतून लालभडक, बी बारीक. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं हे बी आपल्या देशात आणून पारखलं आणि शेतकऱ्यांना दिलं. जपानचं असाही यामातो हे वाणही असंच आलं. आपल्याकडं तेव्हा फ्रिज कुठं होता? पण फळ लवकर तयार होतं, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत, गोडीला पक्कं असतं आणि चार-पाच माणसांत एका बैठकीत संपतं, म्हणून ते रुजलं. अमेरिकेतल्या बाईच्या फ्रिजसाठी केलेलं फळ आपल्या टोपल्यात चांगलं बसलं, असं म्हणा ना.

त्यानंतर संकरित वाणं आली. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, आणि टरबूज शेतात आलं. कळमन्याच्या बाजारात उन्हाळ्यात जे ढीग लागतात त्यात हा शेतातला माल भरपूर. त्यानं पैसा झाला, कधी भाव पडून तोटाही झाला. हे आम्ही वाईट म्हणून सांगत नाही. पण फरक लक्षात घ्या. संकरित फळातलं बी तुम्ही ठेवलं तर ते उगवेल, वेल होईल, पण फळ आईसारखं निघेलच असं नाही. एक गोड, एक फिकं, एक लांबट. म्हणून दरवर्षी पाकीट विकतच आणावं लागतं. शुगर बेबी तसं नाही. ते सरळ वाण आहे, त्याचं बी धरता येतं. बी मागताना दुकानात स्पष्ट विचारा, हे संकरित आहे की सरळ? पाकिटावरही लिहिलेलं असतं.

नागपूरचं संत्रं आधी भोसल्यांच्या परसबागेत लागलं आणि मग शेतात गेलं असं सांगतात. टरबूज उलट्या वाटेनं चाललं आहे. नदीतून शेतात, आणि आता शेतातून आपल्या सांदवाडीत. तर लावायचं कसं, ते आता सांगतो. बरंचसं नदीतल्या बायांकडूनच घेतलेलं आहे.

थंडी ओसरली की, जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीत बी लावा. गारठ्यात ते कुजतं. दिवसभर ऊन लागेल अशी जागा. हातभर रुंद, हातभर खोल खड्डा करा. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि या वेलाला पाय ओले चालत नाहीत, म्हणून खड्ड्यात वाळू आणि भरपूर शेणखत मिसळा आणि आळं जरा उंच करा. भिजवलेले तीन दाणे टाका, चांगली दोन रोपं ठेवा. दोन आळ्यांत चार हातांचं अंतर हवं. लाल भुंगेरे कोवळी पानं खातात, सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरा. पाणी मोरीचं चालेल, पण साबणाचं नको. वेलाखाली तणस घाला. जागा कमी असेल तर वेल मांडवावर चढवा आणि फळ मुठीएवढं झालं की जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधा, नाहीतर वजनानं वेल तुटतो. एका वेलावर दोन फळं पुरेत. फळ पिकलं की त्याच्या देठाजवळचा तणावा सुकतो, जमिनीला टेकलेला पांढरा डाग पिवळा पडतो आणि बोटानं वाजवलं तर आवाज बद्द येतो. पिकत आल्यावर पाणी कमी करा, गोडी वाढते.

बी धरायचं असेल तर एक काळजी. मधमाशी एका टरबुजाचं पराग दुसऱ्यावर नेते. जवळच्या शेतात संकरित टरबूज असेल तर आपलं बी मिसळतं. काकडीनं किंवा डांगरानं ते बिघडतं असं पुष्कळ जणी म्हणतात, ते खरं नाही, त्यांचा आपसात संकर होत नाही. उपाय सोपा आहे. जिच्याखाली इवलंसं फळ दिसतं ती मादी कळी. उद्या उमलेल अशी मादी कळी आणि एक नर कळी आदल्या संध्याकाळी पातळ फडक्यात बांधून ठेवा. सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचे पराग मादी फुलाला लावा, पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा. दोऱ्याचं फळ बियाचं. एका गटात पाच-सहा जणींनी एवढं केलं तर गावापुरतं बी होतं.

कुणी म्हणेल, बी वाटलं तर कायद्यात बसतं का? बसतं. 2001 सालच्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त कंपनीच्या नावाचं लेबल लावून संरक्षित वाणाचं बी विकता येत नाही. मडक्यातलं बी शेजारणीला देणं हा आपला हक्क आहे.

आणि एक काम. कन्हान, वैनगंगेच्या काठच्या गावांतल्या गटांनी पुढच्या बैठकीपर्यंत घरातल्या सासूला, आजीला, ढिवर मोहल्ल्यातल्या जुन्या बायांना विचारून ठेवा. गावाची डांगरवाडी कुठं होती, फळ कसं होतं, लांब की गोल, साल कशी, बी काळं की तांबडं, आणि कुणाच्या मडक्यात अजून काही शिल्लक आहे का. बी मिळालं तर सगळं पेरू नका, अर्धं ठेवा. माहिती वहीत लिहून आणा, सांगणाऱ्या बाईचं नाव त्यात पहिल्या ओळीत लिहा.